अतिवृष्टीची भरपाई: तुमच्या खात्यात आली का?

ठाणे जिल्हा म्हटलं की लोकांना घोडबंदर रोड आठवतो. मुरबाड-शहापूरची भातखाचरं याच जिल्ह्यातली, हे मुद्दाम सांगावं लागतं. 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर जिरायतीला, म्हणजे पावसावरच्या शेतीला, हेक्टरी 8,500 रुपये, हा केंद्राचा निकष. प्रत्यक्षात तुमच्या हातात काय पडलं ते लिहा. गावाचं, माणसाचं, बँकेचं नाव नको.

शहापूरकडचा, राहायला कळव्यात
हिशोब साधा आहे. आमचे 20 गुंठे, म्हणजे 1,700 रुपये. गुंठ्याला 85. मळणीवाल्यानेच त्याहून जास्त घेतले. आले हे खरं, नाही म्हणणार नाही.

ऐरोलीहून
सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर अजून सासरेच आहेत, आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली. गावी दीर एकटे शेती करतात. यादीत नाव सासऱ्यांचं आलं. दिरांचा फोन: "वहिनी, सगळ्यांची संमती लागतेय, दादाला घेऊन या." आम्ही गेलो. पनवेलची नणंद येईना, कारण रस्त्याकडची जमीन विकली तेव्हाचा राग. मोठ्या जाऊबाईंचा मुलगा म्हणाला, "काका, सही करतो, पण आधी वाटणीचं बोला." चार हजारांसाठी पन्नास लाखांचं भांडण उकरून निघालं. दीर शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." भात त्यांचं गेलं होतं. पावसात उभे तेच होते.

मुरबाड
आईचं नाव यादीत, भरपाईसाठीचा विशिष्ट क्रमांकही मिळाला. सेवा केंद्रात केवायसीला बसवलं तर अंगठा उमटेना. आयुष्यभर लावणी करून बोटांच्या रेषा राहिल्यात कुठे? केंद्रातल्या पोराने खोबरेल चोळायला लावलं, पुसलं, पुन्हा दाबलं. आईला वाटलं आपणच काही चुकवतोय. मग मोबाईलवर ओटीपी मागवून काम झालं. तरी पासबुकात पैसे दिसेनात. ते गेले होते दुसऱ्याच बँकेत, कधीकाळी उघडून दिलेल्या झिरो बॅलन्सच्या खात्यात, कारण आधार शेवटचं तिथे जोडलेलं. ज्यांचे पैसे "आलेच नाहीत" त्यांनी आधी हे बघा.

भिवंडी तालुका
मी जमीन खंडाने करतो. सातबारा मालकाचा, मालक ठाण्यात फ्लॅटमध्ये. बी माझं, खत माझं, कोंब फुटलेल्या लोंब्या माझ्या. भरपाई त्याच्या खात्यात. माणूस भला, फोन करून अर्धे पाठवले. भला नसता तर मी कुठल्या खिडकीवर उभा राहणार होतो? कागदावर मी त्या शेतात नाहीच.

आधीच्या सगळ्यांना
माझा भाऊ कृषी सहायक आहे, म्हणून थोडी त्यांचीही बाजू. तलाठी, ग्रामसेवक आणि तो, तिघांनी मिळून पंचनामे करायचे. पाऊस उघडायच्या आत वरून आदेश येतो, "लवकर द्या." गुडघाभर चिखलात एकेक खाचर बघणं होत नाही, मग बांधावरून बघून आकडा लिहिला जातो. हे चूक आहे, भाऊही मानतो. पण शिव्या खायला तोच समोर असतो. शेतकऱ्याने पंचनाम्याच्या वेळी शेतात हजर राहावं आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या पिकाच्या सरकारी नोंदीत, भात लावल्याची नोंद आहे का ते बघावं. नोंदीत जमीन पड, म्हणजे न पेरलेली, असेल तर तिथे पीक बुडालं हे पटवून देताना नाकी नऊ येतात.

अंबरनाथ
विम्याचं कुणी लिहिलं नाही. एक रुपयात विमा 2023 च्या खरिपात आला तेव्हा आमच्याकडे झाडून सगळ्यांनी काढला. 2025 च्या खरिपापासून तो रुपया बंद झाला, आता हप्ता भरावा लागतो. भरपाई वेगळी, विमा वेगळा. गावात निम्मे लोक दोन्ही एकच समजून एकाच ठिकाणी विचारत बसतात.

ऐरोलीच्या ताईंना
वाटणीचं भांडण चालू राहू दे, वारस नोंद त्यासाठी अडवू नका. सगळ्या वारसांची नावं लागतात, हिस्से नंतर ठरवता येतात. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज घरबसल्या होतो. सोबत मृत्यूचा दाखला जोडा. दिरांना पुढच्या पावसाआधी सांगा.