चिखलदऱ्याच्या घाटातलं पांढरंफटक झाड कोणतं? आणि फोटो नीट का येत नाही?

रानवाट:
मागच्या आठवड्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाटात एक झाड दिसलं, एकदम पांढरंफटक, चुना फासल्यासारखं, अंगावर एक पान नाही आणि उभं कुठे तर कातळाच्या कपारीत. गाडी बाजूला घेऊन मोबाईलवर बरेच फोटो काढले पण सगळ्यांत खोड म्हणजे नुसता पांढरा डाग, सालीचं काहीच दिसत नाही. घरचे म्हणतात वाळलंय ते, मला नाही वाटत, कारण फांद्यांच्या टोकाला पिवळट लालसर झुपके होते. कुणी सांगेल का?

दगडफूल:
कांडोळ. भुत्या पण म्हणतात, पांढरूक पण, आणि पलीकडे मध्य प्रदेशात कुल्लू. वाळलेलं वगैरे अजिबात नाही हो, पानं हिवाळ्यात झडतात आणि बोडक्या फांद्यांवर फुलोरा येतो, ते झुपके म्हणजे फुलंच. जवळ गेलात तर सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले दिसतील. एप्रिल-मेमध्ये फळं बघा, तांबडी, मखमली, पाच टोकांच्या चांदणीसारखी, पण हात लावू नका, त्यावरची बारीक कुसं टोचून जाम खाज सुटते. कराया गोंद मिळतो तो याचाच. खोडाला खाचा मारून काढतात आणि हावरटासारखा काढल्यामुळे बऱ्याच ठिकाणी झाडं मेली सुद्धा, त्यामुळे असं धडधाकट दिसलं की बरं वाटतं.

बांधावरचा:
अर्जुन नसेल कशावरून? त्याचं खोड पण गुळगुळीत पांढरटच असतं की.

दगडफूल:
अर्जुन सहसा नदी-ओढ्याच्या काठी. असा कोरड्या कातळावर उन्हात भाजत उभा राहणारा कांडोळच.

क्लिकक्लिक:
फोटोचं मी सांगतो. मागे काळपट जंगल असलं की फोन सगळंच उजळ करायला जातो आणि पांढरं खोड जळतं, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. स्क्रीनवर खोडावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा, पापुद्रे दिसायला लागेपर्यंत. जंगल काळं पडलं तर पडू दे, उलट भारी दिसतं. भर दुपारी नको, सकाळचं तिरपं ऊन पाहिजे. एक फोटो अख्ख्या झाडाचा घ्या, शेजारी कुणाला तरी उभं करा म्हणजे उंची कळेल, एक सालीचा अगदी जवळून आणि एक फुलाचा, नुसत्या खोडावरून ओळखायला सांगितलं की इथे भांडणं होतात 😄 आणि मुळं सोडू नका, कातळाच्या भेगेत कशी घुसलेली असतात ते बघा, माझ्या मते या झाडाचा खरा फोटो तोच, लोक उगाच वर बघत बसतात.

रानवाट:
दोघांनाही थँक्यू! मे मध्ये पुन्हा जाणं आहे, पोराला फळांचं आधीच बजावून ठेवतो.

दगडफूल:
पावसाळ्यात पण एक चक्कर मारा. फक्त जागा आत्ताच मॅपवर सेव्ह करून ठेवा, पंजासारखी मोठाली पानं आली की आजूबाजूच्या हिरव्यात तेच झाड सापडत नाही.