मदत हवी आहे: आईचं रूट कॅनल स्पेशालिस्टकडे

नमस्कार मंडळी. आईची वरची पहिली दाढ रात्री ठणकते, गरम चहा घेतला की कळ पार कानापर्यंत जाते. नेहमीच्या डेंटिस्टनी एमडीएस एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनलच्या स्पेशालिस्टकडे, पाठवलंय. या दाढेत बऱ्याचदा चौथा, अगदी बारीक कॅनल (मुळातली नळी) असतो, तो मायक्रोस्कोपखाली शोधलेला बरा, असं म्हणाले. पटलं.

भुलीचं इंजेक्शन, रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा), शेवटी कॅप, एवढं ठाऊक आहे. पण आईला मधुमेह आहे, शिवाय तोंड फार वेळ उघडं ठेवलं की जबडा आखडतो. मधे थांबू देतात का? एका बैठकीत उरकतं की दोन? नंतर चावताना किती दिवस दुखलं? कॅप तिथेच बसवली की जुन्या डॉक्टरांकडे? नाशिककरांनी खर्चाचा अंदाजही सांगा. ‘काढूनच टाका’ हा सल्ला मात्र नको, तो मावशीने आधीच दिलाय.