उपदेशक ७:२ आणि लग्नातली बाटली

नगरी_भाकर
काल ग्रुपवर एका वसईकराची पोस्ट फिरली: 'काना गावच्या लग्नात प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, मग आमच्या लग्नातल्या बाटलीवर नाकं का मुरडता?' मुरडतो, कारण शास्त्र अर्धंच वाचलंय तुम्ही. बायबलातलं उपदेशकाचं पुस्तक, ७:२ उघडा. मेजवानीच्या घरापेक्षा शोकाच्या घरी गेलेलं बरं. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, ६ व्या अध्यायात, हस्तिदंती पलंगावर लोळून पिणारे बंदिवासात पहिल्या रांगेत गेले. बाबेलचा राजा बेलशस्सर मेजवानीच्या रात्रीच मेला. बायबलात तर वाढदिवस आला की मुडदा पडतोच: मिसरचा राजा फारो, त्याच्या वाढदिवसाला आचारी लटकला, हेरोद राजाच्या वाढदिवसाला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं तबकात आलं.

उंबराचं_पाणी
पोस्ट माझीच. अर्धं कोण वाचतंय? त्याच उपदेशकात ९:७ आहे, आनंदाने भाकर खा, खुशाल द्राक्षारस पी. बायबलातल्याच 'अनुवाद' पुस्तकात, १४:२६ मध्ये, दशमांशाच्या, म्हणजे देवासाठी काढलेल्या दहाव्या हिश्श्याच्या पैशातून मद्यसुद्धा घ्यायची मुभा आहे. दशमांशाच्या, हां! आणि प्रभूला खादाड, दारुबाज कोण म्हणत होतं? तुमच्यासारखेच सोवळे. काना गावी सहा रांजण होते, दोन-दोन, तीन-तीन मणांचे. पाचशे लिटरच्या आसपास तरी झालेच.

नगरी_भाकर
तो रस होता. शब्दातच आहे, द्राक्षा-रस!

निवृत्त_मास्तर
हा मराठी शब्दाचा घोळ. मूळ ग्रीक 'ओइनोस'. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात, ५:१८ मध्ये, 'द्राक्षारसाने मस्त होऊ नका' म्हटलंय, तिथेही तोच शब्द. रस पिऊन कोण झिंगतं? न आंबणारा रस वेल्च नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८६९ साली काढला, तोही चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीसाठीच. काना गावी काय फ्रीज होता?

अश्दोदची_मावशी
फ्रीज कशाला हवा? आम्हा बेने इस्राएलांचा, कोकणातल्या ज्यूंचा, किद्दूश, म्हणजे शब्बाथ-सणाला पेल्यावर म्हणायची प्रार्थना, मनुकांच्या शरबतावरच व्हायचा. अलिबागला आई काळ्या मनुका भिजत घालायची, हाताने कुस्करायची, मलमलीतून गाळायची. बोटं संध्याकाळपर्यंत जांभळी. आणि तुमचं ते उपदेशक, आमचं कोहेलेत, बऱ्याच सिनेगॉगांत (आमच्या प्रार्थनास्थळांत) सुक्कोतला, मांडवांच्या सणाला, वाचतात. तो तर आनंदाचाच सण.

नगरी_भाकर
बघा! रसच!

उंबराचं_पाणी
मावशी, दुसऱ्या दिवशी उरलेल्याचं काय व्हायचं?

अश्दोदची_मावशी
उन्हाळ्यात फसफसायचं थोडं. बाबांना तेच आवडायचं.

उंबराचं_पाणी
😂 घ्या, झाली वाईन!

नगरी_भाकर
हसा. माझ्या बहिणीच्या लग्नात वडील पंगतीतच आडवे झाले, वरणाच्या बादलीवर. व्याही उठून गेले. आई रात्री एक वाजता पत्रावळ्यांवरचा न शिवलेला भात पातेल्यात परत काढत होती, एक शब्द न बोलता. मला ओइनोस शिकवू नका.

उंबराचं_पाणी
वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तुमच्या घरचं दुःख आमच्या लग्नाच्या माथी का? माझा भाऊ गेला तेव्हा शोकाच्या घरी वचन सांगायला रांग लागली होती. चहा पिऊन गेले सगळे. चूल चार दिवस पेटली नव्हती, ते एकालाही दिसलं नाही.

निवृत्त_मास्तर
आमोसचा राग पलंगावर नव्हता हो. 'योसेफाच्या', म्हणजे आपल्याच लोकांच्या, 'दुर्दशेचं यांना दुःख नाही', यावर होता. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीलाही प्रेषित पौल तेच सुनावतो, एक उपाशी, दुसरा झिंगलेला. आणि नहेम्याच्या पुस्तकात, ८:१० मध्ये, रडणाऱ्या लोकांना सांगितलंय, चमचमीत खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही शिजलं नाही त्यांना वाटे पाठवा.

नगरी_भाकर
नहेम्या मान्य. मग बाटलीच्या पैशाचे वाटे पाठवा. रांजणांचा हिशेबही मान्य, घ्या, खूश?

उंबराचं_पाणी
वाटे पाठवू. बाटलीही राहील. मावशी, बेदाण्यांचं शरबत चालेल का हो? घरात तेच आहेत.

अश्दोदची_मावशी
बेदाणे नकोत, रंग येत नाही. काळ्या मनुका घे, बियांच्या.