मदत हवी आहे : दहा वर्षांच्या मुलीला ‘मुलाँ रूज’ दाखवावा का?

माझी लेक दहा वर्षांची आहे. तिच्या नाचाच्या क्लासमधल्या मोठ्या मुलींनी ‘मुलाँ रूज’मधल्या गाण्यावर नाच बसवला आणि तेव्हापासून ‘आई, तो सिनेमा बघायचाच’ हा धोशा सुरू आहे. बाझ लुहरमनचा, २००१ चा, निकोल किडमन असलेला, पॅरिसमधल्या ‘मुलाँ रूज’ या नाचघराची गोष्ट सांगणारा. तिने पाहिलेत ते सगळे तुकडे झगमगाटाचेच. लाल रंग, हिरे, झोपाळ्यावरून खाली येणारी नायिका. त्यात अलका याज्ञिकच्या आवाजातलं ‘छम्मा छम्मा’ही आहे हे कळल्यावर तर बघायलाच नको.

ती झोपल्यावर मी एकटीने अख्खा सिनेमा पाहिला. तोकडे कपडे आणि कॅन-कॅन नाच खटकेल असं वाटलं होतं, पण दृश्यं इतकी भराभर बदलतात की नजर कुठे ठरतच नाही. चावट संवाद तिच्या डोक्यावरून जातील. नायिका क्षयाने मरते, पण ती आता या जगात नाही हे नायक सुरुवातीलाच सांगतो, त्यामुळे तो धक्का अचानक बसत नाही.

मी अडले ते ड्यूकपाशी, म्हणजे सिनेमातल्या श्रीमंत सरदारापाशी. तो नाचघरातल्या नाटकाला पैसे देतो आणि बदल्यात त्याला नायिका हवी असते. टँगोच्या गाण्यात खाली नाच चाललेला असतो आणि वर तो तिच्या गळ्यातला हार ओरबाडून तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. ऐन वेळी तिथलाच एक सहकारी येऊन त्याला ठोसा मारतो, म्हणून ती वाचते. गाणं विलक्षण ताकदीचं आहे, त्यामुळे ते दृश्य माझ्याच मनातून जाईना. पुढे नायकही भर रंगमंचावर तिच्यासमोर पैसे फेकतो. तिथे मला रडू आलं.

अमेरिकेत याला ‘पीजी-१३’ दर्जा आहे. म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांना काही भाग योग्य नसेल, पालकांनी सांभाळून ठरवावं. पण माझी मुलगी तलवारबाजी, रक्त वगैरे सहज बघते आणि कोणाचा अपमान झालेला दिसला की रात्रभर तळमळते. ते कुठल्या दर्जावरून कळणार?

टँगोचं दृश्य वगळून बाकीचा दाखवावा का? आणि नायिका पोटासाठी काय करते हे दहा वर्षांच्या मुलीला कोणत्या शब्दांत सांगायचं? कोणी मुलांसोबत हा सिनेमा पाहिला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, ते वगळू नका. मी मुलाबरोबर एका सिनेमात तसं केलं होतं. आईने काहीतरी लपवलं एवढंच त्याच्या लक्षात राहिलं आणि नेमकं तेच त्याने नंतर शोधून पाहिलं. शिवाय ते दृश्य काढलं तर नायिका पळून जायला का निघते हेच कळत नाही.

आधी गोष्ट तुमच्या शब्दांत सांगून बघा. ‘तिच्याकडे पैसे नव्हते, म्हणून श्रीमंत पुरुषांकडून तिच्या सहवासाचे पैसे घेता येतील असं तिथल्या मालकाने ठरवलं होतं’ एवढं या वयाला समजतं. ती काय विचारते त्यावरून तुम्हाला अंदाज येईल. गाणी हवी असतील तर नाचघराच्या आवारातल्या हत्तीच्या आकाराच्या इमारतीच्या माथ्यावरचं प्रेमगीत सुटं दाखवा. त्याआधीचा हत्तीच्या आतल्या खोलीतला प्रसंग मात्र नको, तो मुलांसमोर फार अवघड होतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. काल रात्री गोष्ट सांगितली. ड्यूकपर्यंत आले तेव्हा तिने विचारलं, “पण ती त्याला नाही का म्हणत नाही?” मी म्हटलं, म्हणते, पण तो ऐकत नाही. त्यावर आम्ही तासभर बोलत बसलो, नाच राहिला बाजूलाच. “तो ऐकत नाही ते मला नाही बघायचं,” असं शेवटी तीच म्हणाली. रविवारी हत्तीवरचं गाणं बघणार आहोत, सध्या तेवढंच.