गेटवरची मधुमालती: तोडायची की छाटायची?

सेक्रेटरी: नमस्कार सर्वांना. गेटजवळची मधुमालती ए विंगच्या पावसाच्या पाइपवरून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलीये, पाइपचे दोन क्लॅम्प निघालेत. कालच्या मीटिंगमध्ये काहींचं म्हणणं पडलं की वेल वाळलीच आहे तर मुळापासून काढून टाकू. माळीदादा रविवारी येणारेत. कोणाची हरकत असेल तर आजच सांगा.

ए-१०१: काढाच. आमच्या खिडकीसमोर नुसत्या काटक्या आहेत, फुलं सगळी वर तिसऱ्या मजल्यावाल्यांना आणि पानांचा कचरा आम्हाला. रोज सकाळी ओटा झाडावा लागतो.

ए-३०१: प्लीज नको हो. मे महिन्यात संध्याकाळी खिडकी उघडली की अख्खी खोली भरते वासाने. माझी आई गेल्या वर्षी दोन महिने अंथरुणाला खिळून होती तेव्हा तिचा पलंग मुद्दाम त्या खिडकीशी लावला होता. एक फांदीसुद्धा तोडू नका.

बी-३०४: मुळापासून काढू नका आणि फांदीही तोडू नका असं पण नको. मी लावलीये ती वेल, अकरा वर्षं झाली, आणि मीच सांगते की तिची कडक छाटणी व्हायला हवी.

ए-३०१: काकू तुम्ही पण?

बी-३०४: अगं ऐक ना. मधुमालतीला फूल नेहमी नव्या फुटव्याच्या टोकाला येतं, जुन्या लाकडाला येत नाही. आपण इतकी वर्षं तिला नुसती वर जाऊ दिली, मग नवी पालवी सगळी उन्हात, वरच्या टोकाला, आणि खालचा खोडाचा भाग उघडा पडला. ए-१०१ च्या ताईंना काटक्या दिसतात ते खरंच आहे, त्यांची तक्रार रास्त आहे. छाटली की खालूनच नवे फुटवे येतात आणि मग फुलं पहिल्या मजल्यापासून दिसतील. आणि ती मेलेली नाहीये. पुण्याच्या थंडीत ती पानं पिवळी करून गाळते, दर जानेवारीत अशीच दिसते. आत्ता सकाळी खाली जाऊन नखाने साल खरवडून पाहिली, आत हिरवीगार आहे.

सेक्रेटरी: मग रविवारी छाटून घेऊ का?

बी-३०४: रविवारी नको. अजून थंडी आहे, आत्ता कापली तर नुसती ठूठ होऊन बसेल. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरा. रविवारी फक्त पाइपवरून सोडवून घ्या आणि खालचा पाला काढा. फुलं लागल्यावर मात्र हात लावायचा नाही. तीन वर्षांपूर्वी रंगकामाच्या वेळी भर जुलैत घोसांनी लगडलेली वेल कापली होती, कोणालाही न विचारता, मी गावाला गेले होते. परत आले तर खाली फुलांचा ढीग पडलेला. त्या वर्षी नंतर एक घोस लागला नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

बी-१०३: माझा एक प्रश्न, वासाने साप येतात म्हणतात ते खरं का, मुलं तिथेच खेळतात म्हणून भीती वाटते

ए-४०२: साप वासाला येत नाहीत, उंदरामागे येतात. पाल्याचा ढीग आणि अडगळ राहू दिली नाही तर काही होत नाही. मुलांना एवढंच सांगा की तिच्या बिया तोंडात घालायच्या नाहीत. पूर्वी जंतावर औषध म्हणून वापरायचे पण जास्त पोटात गेल्या तर मळमळ, उलटी, उचकी लागते. आपली डबल पाकळीची आहे, तिला बी क्वचितच धरतं, तरी सांगून ठेवलेलं बरं.

बी-१०३: थँक्यू आजोबा. मुलगी विचारतेय एकाच घोसात पांढरी, गुलाबी आणि लाल फुलं कशी काय?

ए-४०२: छान प्रश्न. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. रोज नवी उमलतात म्हणून तिन्ही रंग एकत्र. पांढऱ्यावर रात्री लांब सोंडेचे मोठे पतंग येतात, कारण फुलाची नळी दोन-अडीच इंच लांब असते, आणि रंग चढला की दिवसा मधमाश्या आणि शिंजीर पक्षी. तिला म्हणावं एका कळीला दोरा बांध आणि तीन दिवस बघ. मी शाळेत वनस्पतीशास्त्र शिकवताना मुलांना हेच करायला लावायचो.

सी-२०२: काकू मी पण ऑगस्टमध्ये नर्सरीतून आणलीये मधुमालती, बाल्कनीत १० इंची कुंडीत आहे. चढतच नाही, नुसती झुडपासारखी पसरलीये. आणि फूल तर एकही नाही, दर पंधरा दिवसांनी युरिया घालतोय तरी

बी-३०४: युरिया आजपासून बंद. त्याने नुसती पानं वाढतात. शेणखत किंवा आपल्याच ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट दोन मुठी आणि थोडं बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, तेही छाटणीनंतर. कुंडी कमीत कमी १६ इंची घे, खाली भोकं मोकळी हवीत. बाल्कनी कुठल्या दिशेला?

सी-२०२: पूर्वेला, ११ पर्यंत ऊन असतं

बी-३०४: चालेल, पण पाच-सहा तास कडक ऊन मिळालं तरच भरभरून फुलते. उन्हाळ्यात रोज पाणी, आत्ता थंडीत माती वरून सुकली की मगच.

ए-४०२: आणि चढत नाही म्हणून काळजी नको. ही आधी झुडूप होते आणि मग वेल, जातच तशी आहे. १७ व्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर रंफियस नावाचा निसर्ग अभ्यासक होता, त्याने यावरूनच हिचं नाव क्विस्क्वालिस ठेवलं, म्हणजे लॅटिनमध्ये 'कोण? कसली?' पुढे शास्त्रीय नाव बदललं, आता कॉम्ब्रेटम इंडिकम म्हणतात, पण जुनं नाव मला जास्त आवडतं.

ए-१०१: ही म्हणजेच माधवीलता ना?

ए-४०२: नाही, ती वेगळी. माधवीलता म्हणजे हळदवेल, तिच्या पांढऱ्या फुलात एका पाकळीवर पिवळा डाग असतो आणि फळाला तीन पंख. नर्सरीवाले पण बऱ्याचदा घोळ घालतात.

सेक्रेटरी: ओके. मग माळीदादांना नेमकं काय सांगायचं ते काकू तुम्ही लिहून द्या.

बी-३०४: जाडसर चार-पाच खोडं ठेवायची, कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर कापायची, बाकी बारीक आणि वाळकं सगळं काढायचं. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवा, कोयत्याने ठेचून नको. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, बुरशी लागू नये म्हणून. हातमोजे घाला म्हणावं, पान गळलं की देठाचा बुंधा तसाच राहून काट्यासारखा टणक होतो, त्याच्याच आधाराने ती चढते. पाइपपासून दोन फूट लांब भिंतीला हुक मारून जीआय (गंज न धरणारी) तार ओढा आणि नवे फुटवे सुतळीने सैल बांधत आडवे न्या, सरळ वर नाही. मुळांतून पिल्लं येतात बाजूला, ती काढत राहायची. मी रोज बघेन.

ए-३०१: म्हणजे यंदा आमच्या खिडकीपर्यंत नाही येणार...

बी-३०४: पाडव्याला पालवी दिसेल, मे महिन्यात खाली फुलं. तुझ्या खिडकीपर्यंत पावसाळ्यात पोचेल बघ, ही २०-२५ फूट सहज जाते. तोवर संध्याकाळी आईंना खाली बाकावर घेऊन ये, मी पण असते सातला.

ए-३०१: आणते काकू. आता काठी घेऊन चालते ती.

ए-१०१: तार आणि हुकचा खर्च किती होईल सांगा, अर्धा आम्ही देतो. आणि पावसाळ्यात एक कटिंग मला पण द्या.

बी-३०४: पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी लागेल, जूनमध्ये देते. नाहीतर खालची एक फांदी आत्ताच मातीत दाबून ठेवते तुमच्यासाठी, दाब कलम लवकर लागतं.

सेक्रेटरी: ठरलं मग. रविवारी साडेसातला पाइप मोकळा करणे, छाटणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी. मोठी शिडी कोणाकडे आहे?

सी-२०२: माझ्याकडे आहे, आणतो.