मदत हवी आहे : ‘कोन्स्तिपादो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ

ओसरी : इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका औषध कारखान्यासाठी मी स्पॅनिश तक्रारपत्रांचे इंग्रजी भाषांतर करतो. गोळ्या सुरू केल्यापासून रुग्ण ‘कोन्स्तिपादो’ आहे, असे एका पत्रात लिहिले आहे. ‘कॉन्स्टिपेटेड’वरून बद्धकोष्ठ धरावे का? अहवाल आज संध्याकाळी द्यायचा आहे, तेव्हा ‘शब्दकोश पाहा’ एवढेच कृपया सांगू नये.

विदुला : पत्र कोणत्या देशाचे आहे? स्पेनमध्ये या शब्दाचा अर्थ सर्दी झालेला असा होतो आणि बद्धकोष्ठासाठी ‘एस्त्रेन्यिदो’ हा निराळा शब्द आहे. मात्र लॅटिन अमेरिकेतील काही देशांत बद्धकोष्ठासाठीही ‘कोन्स्तिपादो’च म्हणतात.

ओसरी : देशाने काय फरक पडणार? मला अर्थ तेवढा हवा आहे.

जुना तोपखाना : इंग्रजी बाजूला ठेवून लॅटिन धातू पाहावा, हे माझे नेहमीचेच सांगणे आहे. ‘कोन्स्तिपारे’ म्हणजे दाबून भरणे; इंग्रजांनी तो अर्थ आतड्यांकडे नेला, स्पेनने चोंदलेल्या नाकाकडे.

विदुला : धातू कळल्याने या रुग्णाचे नाक चोंदले की पोट, हे कळत नाही. १९८० साली फ्लोरिडात एका तरुणाच्या घरच्यांनी, खाण्यातून विषबाधा झाली असावी या समजुतीने, ‘इन्तोक्सिकादो’ हा शब्द वापरला. रुग्णालयाने त्याचा अर्थ अमली पदार्थांची नशा असा घेतला, मेंदूतील रक्तस्राव वेळेवर लक्षात आला नाही आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

सराफा : आपल्या इंदूरात तरी वेगळे काय आहे? पुण्याची भाची ‘शिक्षा विभाग’ ही पाटी वाचून, येथे शिक्षा देण्यासाठी स्वतंत्र खाते आहे का, असे विचारत होती. बाकी, स्पॅनिशची ‘देले’ परीक्षा अवश्य द्यावी.

ओसरी : परीक्षा कोणी विचारली होती? पत्र स्पेनमधील वायादोलिदचे आहे आणि मागच्या वाक्यात ‘तोस’ व ‘मोकोस’ आहेत.

विदुला : म्हणजे खोकला आणि शेंबूड! हे आधी सांगितले असते, तर एवढी चर्चा लागली नसती. सर्दी असे लिहावे आणि शेजारी मूळ शब्दही ठेवावा, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांना पडताळता येईल.

ओसरी : आभारी आहे. पुढच्या पत्रातील बाई ‘एम्बारासादा’ आहेत. ‘एम्बॅरस्ड’वरून त्या ओशाळल्या, असे लिहू ना?

जुना तोपखाना : मुळीच लिहू नये. त्या गरोदर आहेत, आणि औषधाच्या अहवालात ही बाब महत्त्वाची असते.