मदत हवी आहे : थीम पार्कच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना नेमके कसे प्रश्न विचारावेत?

नमस्कार मंडळी,

मी म्हापशात राहते. एका मराठी दैनिकात गेली तीन वर्षं बातमीदारी करते. बार्देश आणि पेडणे हे माझे तालुके. ग्रामसभा, जत्रा, अपघात, नळाला पाणी नाही, हे सगळं माझ्याकडे येतं. उद्योगाची बातमी मात्र मी आजवर कधी केलेली नाही. आता येत्या शनिवारी एका थीम पार्क कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची वीस मिनिटांची मुलाखत घ्यायची आहे. पेडण्यातल्या एका पठारावर त्यांना मोठं पार्क उभारायचं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. कृपया कुणी अंदाजही बांधू नका.

मुलाखतीची वेळ मीच मागून घेतली, कारण गेल्या आठवड्यात पणजीच्या हॉटेलात त्यांची पत्रकार परिषद झाली आणि तिथे मी कमी पडले. आधी पंधरा मिनिटांची चित्रफीत दाखवली. मग मी हात वर करून विचारलं, "सुरक्षेची काय काळजी घेतली आहे?" उत्तर आलं, "सुरक्षितता आमच्यासाठी सगळ्यात आधी. आम्ही जागतिक दर्जाचे निकष पाळतो." मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. रात्री बातमी लिहायला बसले तेव्हा कळलं, माझ्या वहीत एकही आकडा नाही, तारीख नाही, कुणा जबाबदार माणसाचं नाव नाही. दुसऱ्या एका सहकाऱ्याने रोजगाराचं विचारलं, तर "गोमंतकीयांना प्राधान्य". किती जणांना, कसल्या कामाला, किती महिने, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

निघताना प्रत्येकाच्या हातात एक पिशवी दिली. माझ्या पिशवीत पेन, वही आणि एक पाकीट होतं. पाकिटात त्यांच्या दुसऱ्या राज्यातल्या पार्कचे चार पास, 'कुटुंबासह' असा शिक्का मारलेले. पास मी दुसऱ्या दिवशी कुरियरने परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी मी त्या पठारावर गेले. काजूच्या भाटाच्या कडेला एक वयस्क बाई बोंडं वेगळी करत बसली होती. एका हाताने बी पिळून टोपलीत, दुसऱ्याने बोंड डब्यात, मान वर न करता. मी कोण ते सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाय, आमचे बांयंत उदक उरतलें मगे?" (आमच्या विहिरीत पाणी उरेल ना?) पत्रकार परिषदेत आम्ही पंधरा-वीस जण होतो. हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

तयारी म्हणून परदेशातली दोन प्रकरणं वाचली. पहिलं इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समधलं. २ जून २०१५ रोजी 'स्मायलर' रोलर कोस्टरची भरलेली गाडी रुळावर अडकून राहिलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. १६ जण जखमी झाले, दोन तरुणींना पाय गमवावा लागला. त्यानंतर मालक कंपनीचे प्रमुख निक वार्नी यांची स्काय न्यूजवर मुलाखत झाली. मुलाखतकार के बर्ली यांनी इतका भडिमार केला की शेकडो प्रेक्षकांनी प्रसारण नियामकाकडे तक्रारी केल्या, त्या कंपनीविरुद्ध नव्हे, मुलाखत घेणारीविरुद्ध! सहानुभूती मिळाली ती साहेबांना.

दुसरं ऑस्ट्रेलियातल्या ड्रीमवर्ल्डचं. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथल्या पाण्यातल्या राइडवर चौघांचा जीव गेला. दोन दिवसांनी कंपनीच्या प्रमुख डेबोरा थॉमस पत्रकारांसमोर आल्या. मृतांच्या कुटुंबीयांशी बोललात का, असं त्यांना विचारलं गेलं. त्यांनी संपर्क साधल्याचं सांगताच एका पत्रकार महिलेने शांतपणे सांगितलं, की कुटुंब आत्ता टीव्हीवर तुम्हाला पाहतं आहे आणि तुमच्याकडून कुणीच बोललं नाही असं त्यांचं म्हणणं आहे. त्या एका प्रश्नाने सगळं चित्र पालटलं. मला वाटतं, फरक आवाजाच्या पट्टीचा नाही. ती पत्रकार कुटुंबाच्या संपर्कात होती.

पण आमच्याकडे अजून अपघात झालेला नाही, पार्कही झालेलं नाही. व्हायच्या आधी काय विचारायचं, हे मला जाणत्यांकडून हवं आहे. माझ्याच तालुक्यात केरीच्या पठारावर जानेवारी २०२५ मध्ये पॅराग्लायडर कोसळून पर्यटक तरुणी आणि चालक दोघेही गेले. परवानग्यांची चौकशी नंतर सुरू झाली. हडफड्याच्या नाइटक्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री आग लागून २५ जण गेले, परवान्यांचे कागद त्यानंतर बाहेर आले. या वेळी कागद आधी बघायचे आहेत.

आणखी एक अडचण आहे. साहेब इंग्रजीत बोलतात. मी विचार मराठीत करते, बोलते कोंकणीत, आणि इंग्रजीत प्रश्न विचारताना तो आपोआप गुळगुळीत होतो. शिवाय त्यांच्या जनसंपर्कवाल्यांनी प्रश्न आधी पाठवा म्हणून निरोप दिला आहे. आमच्या जाहिरात विभागातूनही "जरा सांभाळून" असा फोन आला. काय करू?

---

प्रतिसाद १ (निवृत्त बातमीदार, फोंडा)

बाय, पास परत केलेस, छान केलंस. पोचपावती जपून ठेव.

तुझा प्रश्न चुकला तो कुठे, ते आधी बघ. "काय काळजी घेतली" हा प्रश्न नव्हे, भाषणाचं आमंत्रण आहे. ज्याचं उत्तर एका शब्दात, एका आकड्यात किंवा एका तारखेत येतं, तेवढाच प्रश्न विचार. एका वेळी एकच. आपल्याकडे पत्रकार परिषदेत तीन प्रश्न एकत्र गुंफून विचारायची सवय आहे, समोरचा त्यातला सोपा उचलतो आणि आपण खाली बसतो.

उत्तर टाळलं तर चिडू नकोस. तोच प्रश्न, तेच शब्द, पुन्हा एकदा. दुसऱ्यांदाही टाळलं तर "म्हणजे आज तुमच्याकडे ही माहिती नाही, असं लिहू का?" एवढं विचार आणि गप्प बस. ती शांतता तू मोडायची नाही. बर्लीबाईंचं तिथेच चुकलं असं माझं मत आहे. गाडी पुढे सोडायचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न दहा वेळा विचारला असता तरी कुणाची तक्रार नव्हती.

प्रश्न आधी द्यायचे नाहीत, विषय द्यायचे : पाणी, जमीन, परवाने, नोकऱ्या, राइडची सुरक्षितता. आकडे जवळ ठेवा असंही कळव, म्हणजे "माहिती घेऊन सांगतो" ही पळवाट उरत नाही. छापण्याआधी मजकूर दाखवायचा नाही. तांत्रिक आकडा मात्र खुशाल पडताळून घे. "हे छापू नका" ही अट बोलण्याआधी घालायची असते, बोलून झाल्यावर नाही, हे सुरुवातीलाच सांग. रेकॉर्डर टेबलावर दिसेल असा ठेव.

भाषेचं मनावर घेऊ नकोस. प्रश्न मराठीत लिही, त्यातली विशेषणं काढून टाक, उरेल त्याचं इंग्रजी सोपंच होतं. वाटलं तर कागदावरून वाचून विचार. जाहिरातवाल्यांचा फोन आला हे संपादकांच्या कानावर आजच घाल, मुलाखतीनंतर नको.

जमिनीचं विसरू नकोस. तो सर्व्हे क्रमांक प्रादेशिक आराखड्यात कुठल्या विभागात आहे, बदलायचा अर्ज आहे का, असल्यास नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९ए खाली की आणखी कशाखाली? ३९ए असेल तर जनतेला हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. तारखा काढ. गावात कुणालाच माहीत नसतात.

---

प्रतिसाद २ (मेंटेनन्स अभियंता, पूर्वी महाराष्ट्रातल्या एका पार्कात)

ताई, मी सात वर्षं राइडच्या खाली ग्रीसमध्ये काढली आहेत, म्हणून सांगतो. साहेबांना राइडच्या वेगाबद्दल विचारू नका, ते जाहिरातीत आहेच. राइड बंद करायचा अधिकार कुणाला आहे ते विचारा. अकरावी पास ऑपरेटर मुलगा मे महिन्यातल्या रविवारी, बाहेर दोन तासांची रांग असताना, मॅनेजरला न विचारता राइड थांबवू शकतो का? थांबवली तर त्याचा पगार किंवा बोनस कापला जातो का? अभियंत्यांचा बोनस डाउनटाइमशी, म्हणजे राइड किती वेळ बंद राहिली त्याच्याशी, बांधलेला आहे का? मला विचाराल तर सगळी सुरक्षितता या तीन प्रश्नांत आहे.

स्मायलरमध्ये यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. पुढे गाडी उभी आहे हे ओळखून तिने मागची थांबवली. यंत्रणेलाच चुकीचा संकेत आला असं समजून माणसांनी ती बाजूला सारली आणि गाडी सोडली. त्या दिवशी रुळावर एक गाडी वाढवली होती, हे सगळ्यांना ठाऊक नव्हतं. कंपनीने आधी मानवी चूक म्हटलं. खटल्यात मात्र तपास यंत्रणेने दोष माणसांवर नाही, कामाच्या पद्धतीवर ठेवला, आणि २०१६ मध्ये ५० लाख पौंडांचा दंड झाला. तेव्हा "यंत्रणेने थांबवलेली राइड हाताने पुन्हा सुरू करायची झाली तर किती जणांच्या सह्या लागतात?" असं विचारा. चांगल्या पार्कात उत्तर लगेच येतं.

ड्रीमवर्ल्डमध्ये पाण्याचा पंप त्याच दिवशी आधी दोनदा बंद पडला होता. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पाणी उतरलं, एक तराफा अडकला, मागचा येऊन त्याच्यावर आदळला. उतरायच्या जागी असलेलं बटण तराफे ओढणारा पट्टा दोन सेकंदांत थांबवणारं होतं, पण तिथे उभ्या मुलीचा त्या राइडवरचा पहिलाच दिवस होता आणि त्या बटणाचा उपयोग तिला नीट सांगितलेलाच नव्हता. म्हणून विचारा : एका दिवसात एकच बिघाड कितीदा झाला की राइड दिवसभरासाठी बंद करता? नव्या मुलाला किती दिवस शिकवून एकट्याला उभं करता? पार्क चालणार हंगामी मुलांवर, तेव्हा हा प्रश्न गोमंतकीय नोकऱ्यांच्या प्रश्नाशीही जोडलेला आहे.

"जागतिक दर्जा" म्हणाले की निकषाचा क्रमांक मागा. आपल्याकडे राइडसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ आहे. तपासणी कोण करतं, कंपनीचाच माणूस की बाहेरचा? शेवटची कधी झाली? वेल्डिंगमधल्या भेगांची चाचणी वर्षातून किती वेळा? त्यांच्या चालू पार्कातल्या एखाद्या राइडचं सकाळच्या तपासणीचं रजिस्टर दाखवायला सांगा. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत लोखंड कसं गंजतं ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यातले चार महिने राइड बंद ठेवणार की चालू, हेही विचारा.

---

प्रतिसाद ३ (सनदी लेखापाल, मडगाव)

मी थोडक्यात लिहितो. कंपनी शेअर बाजारात असेल तर विश्लेषकांशी झालेल्या तिमाही बैठकांचं शब्दांकन एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ते आधी वाचा. गुंतवणूकदारांना सांगितलेलं आणि गावकऱ्यांना सांगितलेलं जुळतं का, हा सगळ्यात धारदार प्रश्न. नोंदणी नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून ताळेबंद पाहता येतो. कर्ज किती आणि कशावर तारण आहे ते बघा.

फूटफॉलचा, म्हणजे पार्कात आलेल्या लोकांचा, आकडा दिला तर मागच्या तिमाहीशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघा. या धंद्याची कमाई शाळेच्या सुट्टीवर चालते. एप्रिल ते जूनचा आकडा नेहमीच फुगलेला दिसणार.

खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, पुढे कर्ज पेलवलं नाही आणि २०२२ मध्ये ती मालपाणी समूहाकडे गेली. पार्क चालू राहिलं, नशीब. पण पठार एकदा सपाट केल्यावर अंदाजाइतके लोक आलेच नाहीत, तर त्या जमिनीचं काय करणार? हे साहेबांना जरूर विचारा.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अभियंता दादा, तुमचं वाचून काल रात्री झोप लागली नाही, पण प्रश्न सुचले.

काही गोष्टी ठरवल्या. विषय कळवले, प्रश्न नाही. संपादकांना फोनचं सांगितलं. ते म्हणाले, तू मुलाखत घे, बाकी मी बघतो. वीस मिनिटांत सहा-सात प्रश्नांपलीकडे जाता येणार नाही, म्हणून रोजगाराचा प्रश्न ऑपरेटरच्या प्रशिक्षणातच घातला आहे. राजकोटच्या गेमिंग झोनचीही माहिती काढली. २५ मे २०२४ च्या आगीत तिथे २७ जण गेले, आणि अग्निशमन दलाची एनओसी (ना-हरकत दाखला) नव्हती. त्यामुळे एनओसी कधी घेणार, पार्क उघडण्याआधी की नंतर, आणि एका वेळी किती लोकांसाठी, हा प्रश्न वहीत पक्का आहे.

सुरुवात मात्र विहिरीने करणार आहे. तळी आणि घसरगुंड्यांना रोज किती घनमीटर पाणी लागेल, ते चांदेलच्या पाणी प्रकल्पातून येणाऱ्या नळाचं, तिळारीच्या कालव्याचं की पठाराखालचं, मेमध्ये कुठून आणणार? कूपनलिका मारायची तर २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली परवानगी लागते. अर्ज झाला आहे का, एवढंच आधी कळायला हवं. माहिती अधिकारात उत्तर यायला तीस दिवस लागतील आणि माझ्याकडे चार आहेत. शुक्रवारी सकाळी जलस्रोत खात्यात जाते आहे. कूपनलिकांच्या परवान्यांची नोंदवही तिथे कुणी स्वतः पाहिली असेल, तर कुठल्या विभागात आणि कुठल्या नावाने मागायची ते गुरुवारपर्यंत इथे सांगाल का?